तासभर थांबायचं

"बसलं की संपलं, काकू."

दारात उभ्याने चहा पिताना ती हे रोज म्हणायची. मी आधी "अगं, टेक की घडीभर" म्हणायचे आणि तिचं उत्तर ठरलेलं असायचं. पाठ दाराला, एका हातात कप, दुसऱ्या हाताने टोपलीतल्या पुड्या पुढच्या घरांच्या क्रमाने लावणं चालूच. चार घोटांत चहा संपवून ती जिन्यावर पोचलेली असायची.

घरोघरी फुलपुडी घालणाऱ्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. बहुतेकींची आपल्याला ओळख असते ती दाराच्या कडीला अडकवलेल्या पुडीपुरती. ही शहराबाहेरच्या मखमलाबादकडून यायची. घरच्या मळ्यातली शेवंती, झेंडू, गुलाब पहाटे खुडायचे, कर्दळीच्या पानात बांधायचे, वरून केळीच्या सोपटाच्या दोऱ्याची गाठ मारायची आणि मोपेडवरून इंदिरानगर गाठायचं. आमच्यासारख्या लिफ्ट नसलेल्या इमारतींचे जिने चढून ती साठेक दारांवर पुड्या लावायची. या घरांना ती 'माझी लाइन' म्हणायची. कुणाच्या गणपतीला जास्वंद लागते, कुणाकडे सुतक आहे म्हणून दहा दिवस पुडी नको, सगळं तिच्या डोक्यात. लाइनीतलं पहिलं घर माझं.

मी निवृत्त शिक्षिका. नवरा गेला, मुलगा परगावी. हुकूम सोडायची सवय आहे आणि ऐकायला कुणी नाही, अशा बाईच्या हाती सकाळी साडेसहाला कुणी सापडलं तर काय होणार? मी तिला ताब्यात घेतलं.

तिच्या गळ्यावरची गाठ पहिल्यांदा मलाच दिसली. चहा पिताना ती मान मागे टाकायची तेव्हा घोटाबरोबर गाठ वरखाली व्हायची. मी मागे लागले. चार महिने ती "बघू की" म्हणत राहिली. शेवटी ऑपरेशन झालं. थायरॉइडची ग्रंथी पूर्ण काढली. गाठ साधी निघाली, आम्ही देवाला पेढे ठेवले. आता जन्मभर रोज एक गोळी, अनशापोटी, एवढंच, असं मला वाटलं.

महिन्याभराने ती परत आली, गळ्यावर पदर ओढून. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर माझ्या घरी पोचली आणि दारातच पायरीवर बसली.

मग ती बसायलाच लागली. दर मजल्यावर. बोटं जड झाल्यासारखी पुड्या चाचपायची. जास्वंद भलत्याच दारावर जायची. मी विचारलं, "झोप होत नाही का ग?"

"झोप लय होती, काकू. झोपून उठले की पुन्हा झोप येती. ओली गोधडी अंगावर घेऊन फिरल्यावानी वाटतं."

एकदा ती दुसऱ्या मजल्यावर टोपली मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपून गेली. तिथल्या बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांची पूजा खोळंबली होती. ते सोवळ्यात बाहेर आले आणि कडाडले, "फुलं द्यायला येतेस की झोपायला?"

तिने डोळे उघडले. "दोन्हीला, साहेब," म्हणाली आणि त्यांची पुडी त्यांच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या मजल्यावर एक प्लास्टिकचं स्टूल आलं. कुणी ठेवलं ते त्यांनी आजवर कबूल केलेलं नाही.

घरच्यांना मात्र ही थकवा मिरवते असं वाटे. सासू म्हणायची, आमच्या वेळी बायका बाळंतपण करून तिसऱ्या दिवशी खुरपायला जात. सकाळी खुडणीच्या गडबडीत गोळी राहून जायची. हे कळल्यावर मी फर्मान काढलं की गोळ्यांची डबी माझ्याकडे राहील. रोज माझ्यासमोर गोळी गिळायची, मगच पुढे. शाळेत हजेरी घ्यावी तशी मी कॅलेंडरवर टिकमार्क करायचे. गोळी झाली की लगेच आलं घातलेला, दाट दुधाचा गरम चहा. आजारी माणसाला म्हणून साखर चमचाभर जास्त.

आठ महिने हे चाललं. तिची तब्येत उतरतच गेली. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. दोनदा गोळीची ताकद वाढवली तरी रिपोर्ट वाईटच. तिसऱ्या खेपेला मीच तिच्याबरोबर दवाखान्यात गेले, डॉक्टरांना जाब विचारायला. कॅलेंडरची पानंसुद्धा नेली होती, एकही दिवस गोळी चुकलेली नाही हे दाखवायला.

डॉक्टरीणबाईंनी पानं पाहिली आणि तिला विचारलं, "गोळीनंतर चहा किती वेळाने?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मीच अभिमानाने म्हणाले, "लगेच देते मी. गरम गरम."

बाईंनी चष्मा काढला. "दुधाचा चहा वर पडला की गोळी अंगाला नीट लागत नाही. तासभर थांबायचं, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. तिने मान हलवली.

बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. माझ्या हातात ती कॅलेंडरची पानं होती आणि ती कुठे ठेवावीत ते मला कळेना. मी म्हणाले, "मला का नाही बोललीस?"

"तुम्ही पहाटं उठून आलं किसता, काकू. घरी मला हातात चहा कोण देतं? नको कसं म्हणू?" मग पदर सावरून, "आन् तासभर थांबले असते तर लाइन राहून गेली असती."

मी शिकलेली. पस्तीस वर्षं मुलांना 'सूचना नीट वाचा' सांगत आले. त्या डबीतला कागद मी एकदाही उलगडून पाहिला नव्हता. त्या दिवशी मी रिक्षात रडले आणि तीच माझी समजूत घालत राहिली. तिच्या आठ महिन्यांचं मी काय केलं, हे आजही मनातून जात नाही.

डबी तिच्या घरी गेली. मोबाइलवर पहाटे साडेचारचा गजर लावला. रिपोर्ट सुधारला, सूज उतरली. डॉक्टर खूश, तिचा नवरा खूश. मीही मोठ्या आशेने विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"रिपोर्ट बरा हाय, काकू," ती म्हणाली. "मी नाय."

आता चूक कुणाचीच नव्हती, म्हणून बोट ठेवायला जागाही उरली नाही. काहींना असा थकवा राहतो, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिने तिच्या परीने वाटा काढल्या. पुड्या आदल्या संध्याकाळीच बांधायच्या, चार जिन्यांवर वरून दोरीने पिशवी सोडायला सांगायचं, दुपारी आडवं व्हायचं. काही महिने निभावलं. मग एका सकाळी मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबल्या थांबल्या तिचा डोळा लागला आणि मोपेड आडवी झाली. खरचटण्यावर भागलं. रस्ताभर शेवंती पसरली. घरी ठरलं की लाइन धाकट्या जावेने करायची.

आता जाऊच येते. चुणचुणीत पोरगी. पुडी अडकवते, कडी वाजवते आणि मी दार उघडेपर्यंत खालच्या मजल्यावर पोचलेली असते. हिला चहाला बोलावायचा धीर मला होत नाही.

लाइन जावेच्या हाती देण्याआधी, शेवटच्या दिवशी तिने क्रम उलटा केला. सगळी घरं करून साडेआठला माझ्याकडे आली. आत येऊन वेताच्या खुर्चीत बसली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती उंबऱ्याच्या आत आली होती. पदराच्या गाठीतून गोळी काढली, पाणी मागितलं.

"आज घरी घेतली नाहीस?"

"मुद्दाम ठेवली. पोटात काही नाय अजून. तासभर बसायला कारण पायजे ना." गोळी गिळून ती म्हणाली, "घरी बसून हार गुंफीन, काकू. पण लाइन माझी होती."

मी पातेल्यात पाणी काढून ठेवलं, आलं किसलं, गॅस पेटवला नाही. बाहेर येऊन बघते तर तिची मान खुर्चीच्या पाठीवर कललेली. पदर घसरला होता आणि काळ्या पोतीखालचा व्रण उघडा पडला होता. टोपली पायाशी रिकामी होती.

मी समोर बसून राहिले. साडेनऊ वाजले. तिला उठवलं नाही.

कधीतरी तिने अर्धवट डोळे उघडले.

"तास झाला का, काकू?"

भिंतीवरच्या घड्याळाकडे तिची पाठ होती. त्यात सव्वादहा होऊन गेले होते.

"व्हायचाय अजून," मी म्हणाले. "झोप तू."