हसू नका, बुवा आंधळे आहेत

माझ्या अंगात निवेदनाचा किडा आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यावर औषध अजून सापडलेलं नाही. पोटापाण्यासाठी मी नांदेडला एका कॉलेजात मराठी शिकवतो, पण हातात माईक आला की माझा मी राहत नाही. लग्न, वाढदिवस, निरोप समारंभ, कशालाही जातो. एकदा एका शोकसभेत सवयीनं "जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या" असं म्हणून गेलो. झाल्या की! लोकांनाही सवयच असते.

हा किडा ओळखून एका मित्रानं मला लातूरच्या एका ऑर्केस्ट्राकडे पाठवलं. सगळे कलावंत अंध. कीबोर्ड, बासरी, दोन गायिका, एक बुवा आणि या सगळ्यांचे मालक म्हणजे ढोलकीवाले काका. त्यांचा जुना निवेदक एका पुढाऱ्याच्या प्रचाराला म्हणून गेला होता तो परत आलाच नव्हता. "पगार न्हाई सर, सुपारी मिळाली की वाटणी," काकांनी पहिल्याच फोनवर सांगितलं. सुपारी म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं. मी वाटणी न विचारताच हो म्हणालो.

आता मी पडलो भाषेचा माणूस. पहिल्या कार्यक्रमाआधी मनाशी ठरवलं की आपल्या तोंडून यांना टोचेल असा एकही शब्द जाता कामा नये. 'बघा' नाही, 'पाहू या' नाही, 'दिसतंय' तर नाहीच नाही. "प्रेक्षकहो" म्हणायला गेलो आणि अर्ध्यात गिळून "श्रोतेहो" केलं. कलावंतांची ओळख 'प्रज्ञाचक्षू' अशी करून दिली. माझ्यावर मीच इतका खूश होतो की गाणी कशी झाली ते लक्षातच राहिलं नाही.

परतीच्या जीपमध्ये मागच्या सीटवरून बुवांचा आवाज आला. बुवा किल्लारीकडचे, पस्तिशीचे, अंगानं भरलेले. आईवरचं एक गाणं असं म्हणायचे की मांडवातल्या बायका हुंदके द्यायच्या. सगळी कमाई त्याच गाण्यावर.

"सर, ते प्रज्ञाचक्षू काय असतंय? आयुर्वेदिक हाय का?"

जीप हसली. मी म्हणालो, "अहो बुवा, तो आदराचा शब्द आहे."

"हाव का? मला वाटलं घालून झोपायचे थेंब. आन तुम्ही 'बघा' म्हणत न्हाईत, कामून? मघापासून ऐकून राहिलो मी. घरी बी असंच बोलता? 'अगं, भाजी जरा चाखून ऐक', असं म्हणता का वहिनीला?"

ड्रायव्हरनं जीप बाजूला घेतली. त्याला हसू आवरेना. मी खिडकीबाहेर तोंड केलं, पण मलाही आवरेना.

त्या रात्री लातूर येईस्तोवर बुवा थांबले नाहीत. "सर, एसटीत आमच्यासाठी राखीव सीट असतीय. तिथं कुणी तरी डोळसच बसलेला असतोय. मी जवळ गेलो की कंडक्टर म्हणतोय, 'ते डोळे मिटून बसलेत.' मी म्हणतो, बसू द्या, बसू द्या, नवीन हायेत आमच्यात."

मग मुलगी बघायला गेल्याचा किस्सा. "मुलीच्या बापानं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, 'पाव्हणं, मुलगी जराशी सावळी हाय, चालंल न्हवं?' म्हणलं, मामा, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कोण सांगणार व्हतं!"

मी विचारलं, "बुवा, हे सगळं स्टेजवर का करत नाही?"

काका म्हणाले, "तेच दोन वर्षांपासून डोकं खाऊन राहिलाय तो. आता तुम्ही बी लागा पाठीमागं."

"मला हसवायचंय, सर," बुवा म्हणाले. हा आवाज मघाचा नव्हता. "तोंड उघडलं की बाया डोळ्याला पदर लावत्यात. मी नुसतं 'नमस्कार' म्हणलं तरी रडत्यात. लई बेजार झालोय."

"लोक रडले की हात खिशात जातोय," काका म्हणाले. "हसले की दोन्ही हात टाळ्यात गुंतत्यात. मग खायचं काय?"

तरी काकांनी परवानगी दिली. पहिला प्रयोग हदगावकडच्या एका गावात, गणपतीत. मी मोठ्या उत्साहात बुवांना माईकपाशी आणलं. बुवांनी एसटीचा किस्सा सांगितला, अगदी जीपमधल्यासारखाच. संपला. लाउडस्पीकरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग बायकांच्या बाजूनं "च्च, च्च" असा आवाज उठला आणि कुणी तरी म्हणालं, "हसू नका रे, आंधळा हाय तो."

मी कॉलेजात दर वर्षी 'विनोदाच्या मर्यादा' या विषयावर व्याख्यान देतो. सार एवढंच की दुबळ्यावर हसू नये. त्या गावानं माझं व्याख्यान कधी ऐकलं नव्हतं, पण पाळलं मात्र तंतोतंत.

बुवांनी मुलीचा किस्सा काढला. तो ऐकून एक म्हातारी उठली, काठी टेकत स्टेजवर चढली आणि बुवांच्या मुठीत दहाची नोट कोंबली.

"मावशी, हे विनोदाचं बक्षीस का डोळ्याचं?" बुवांनी विचारलं.

"राहू दे लेकरा," म्हातारी म्हणाली, "खा कायतरी."

बुवांनी माईक खाली केला. मग कीबोर्डवर आईचं गाणं सुरू झालं आणि गाव मनसोक्त रडलं.

जीपमध्ये काकांनी निकाल दिला. पुढची सुपारी लातूरजवळच्या मुरुडची. तिथं शेवटचा प्रयत्न. हसले तर हसले, नाही तर बुवांनी आयुष्यभर आईचं गाणं म्हणायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. बुवा "हाव" एवढंच म्हणाले. नांदेड येईपर्यंत जीपमध्ये कुणी बोललं नाही, आणि बुवा गप्प बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. (बघा, मीही शिकलो.)

मुरुडला जाताना मी एक तोडगा घेऊन बसलो होतो. "बुवा, लोकांना आधी हसायची सवय लावली पाहिजे. मी सुरुवातीला तोतऱ्या माणसाचा एक नमुना करतो. आमच्या गॅदरिंगला हमखास चालतो. पोरं लोळतात." आणि मी जीपमध्ये थोडा करूनही दाखवला.

कुणी हसलं नाही.

"सर," बुवा म्हणाले, "तुम्ही आमच्यापुढं 'बघा' म्हणाय भेत व्हता न्हवं?"

"हो, म्हणजे..."

"म्हणजे जीपमंदी बसलाय त्याला सांभाळायचं आन जो न्हाई त्याला घ्यायचा? तोतऱ्याला आणा की. माईक त्याच्या हातात द्या. तो करंल, मग लोळू आपण."

मागून बासरीवाला म्हणाला, "जी-जीपमंदी हाय म्या." तो खरोखरच तोतरा बोलायचा. इतके दिवस मी त्याला 'मितभाषी' समजत होतो, आणि निवेदनातही तसंच सांगत होतो.

"सर, तुमचा न-नमुना ऐकला," तो म्हणाला. "ल-लई सराव लागंल."

या खेपेला जीप हसली. मुरुडपर्यंत हसतच होती आणि मी तोंड लपवायला जागा शोधत होतो.

मुरुडचं स्टेज म्हणजे दोन ट्रॅक्टर ट्रॉल्या शेजारी शेजारी लावून वर फळ्या आणि सतरंजी. दुपारीच बुवांनी काठीनं सगळं स्टेज ठोकून घेतलं. फळ्यांमधली फट कुठे, कड कुठे, माईक कुठे, सगळं पायाला पाठ. पण माझा जीव राहतोय थोडाच? शेवटचा प्रयत्न, आणि त्यात बुवा पडले तर? मी मंडपवाल्याकडून नायलॉनची दोरी मागून आणली आणि स्टेजच्या पुढच्या कडेला, बांबूपासून बांबूपर्यंत, गुडघ्याएवढ्या उंचीवर घट्ट बांधली. बुवांना सांगितलं नाही. उगाच त्यांना लागायचं मनाला.

खाली अगदी समोर मान्यवरांसाठी एक सोफा ठेवला होता. कुणाच्या तरी घरून आणलेला, नवाकोरा, वरचं प्लास्टिक न काढलेला. त्यावर कमिटीचे अध्यक्ष आणि दोन पाहुणे बसले होते, मांडीवर सत्काराचे नारळ घेऊन.

कार्यक्रम सुरू झाला. दोन गाणी झाली. मी बुवांचे दोन्ही हात धरले आणि त्यांना माईककडे आणू लागलो. म्हणजे बुवा सरळ चालत होते आणि मी त्यांच्या पुढे, तोंड त्यांच्याकडे करून, उलटा. "या बुवा, या, दोन पावलं, जपून, हं, अजून एक..." बुवा हळू आवाजात म्हणाले, "सर, कड आली." मी म्हणालो, "तुम्ही काळजी करू नका, मी आहे ना."

दोरी मागून माझ्या पायाला लागली, आणि मी नव्हतो.

बुवांचे हात सुटले. मी पाठीवर सोफ्यावर पडलो, अध्यक्ष आणि पाहुणे यांच्या मधोमध. प्लास्टिकवरून घसरलो ते थेट जमिनीवर. माझ्या मागोमाग तीन नारळ आले.

सगळं मुरुड चिडीचूप. लोकांना वाटलं, सर गेले. मलाही क्षणभर तसंच वाटलं. वर बुवा एकटे माईकसमोर उभे होते, काठीही हातात नव्हती.

"सर?" बुवा माईकमधून म्हणाले. "सर कुठं गेले?"

गर्दीतून कुणी तरी ओरडलं, "पडले!"

"पडले?" बुवा थांबले. मान जराशी वाकडी केली. "मला धरून आणून राहिले व्हते ते."

मागच्या अंगाला एक बाई खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. बुवांच्या कानांनी ती टिपली. त्यांनी तोंड बरोबर तिच्या दिशेला वळवलं.

"ह्यांना दिसतंय, म्हणून लातूरवाल्यांनी खास नांदेडहून मागवलंय ह्यांना."

आणि मुरुड फुटलं! असा हशा मी माझ्या एकाही निवेदनात कमावलेला नाही. अध्यक्ष सोफ्यावर डुलत होते, खालचं प्लास्टिक करकरत होतं. मी जमिनीवरून हात वर केला.

"दोघं जण जरा हात धरा त्यांचा," बुवा म्हणाले. "हळू आणा. फट हाय तिथं. नवीन हायेत आमच्यात."

मग बुवांनी एसटी काढली, मुलीचा बाप काढला. त्याच गोष्टी, तेच शब्द. पण आता हसायला परवानगी मिळाली होती, कारण आधी डोळस पडला होता. सावळ्या मुलीच्या किश्श्याला तर बायकांनी असा कल्ला केला की पुढचं वाक्य दोनदा सांगावं लागलं. काका ढोलकीवर थाप द्यायची विसरून हसत होते. आईचं गाणं त्या दिवशी झालंच नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

घरी मी कंबरेला शेक घेत सगळी हकिकत सांगितली. बायको म्हणाली, "लोकांचे नवरे वर चढून राहिलेत आणि तुम्ही पडून राहिलात." पण कॉलेजातल्या मैत्रिणींना तिनं फोन करून तीच गोष्ट माझ्यापेक्षा रंगवून सांगितली, हे मी आतल्या खोलीतून ऐकलं.

गोष्ट पसरली. सुपाऱ्या येऊ लागल्या आणि बोलणी करणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "ते पडणारे सर येणार हायेत न्हवं?" काका आधी म्हणायचे, हसले तर खायचं काय. तेच आता म्हणायला लागले, "सर, पडायचं चुकवू नका, त्याच्यावर समदं उभं हाय." मी गादी टाकून सराव केला. बासरीवाला शिकवायला होता. "स-सर, जास्त क-करताय," म्हणायचा. त्यालाही आता स्टेजवर पाच मिनिटं असतात. तो जे करतो ते मी इथं लिहिणार नाही, कारण ते त्याचं आहे आणि माझ्याकडून ते बिघडतं.

व्याख्यान अजूनही देतो. मर्यादा असावी असंच म्हणतो. फक्त आता पोरांना आधी विचारतो की तो माणूस जीपमध्ये बसलेला असता तर हे त्याच्यासमोर केलं असतं का, आणि माईक त्याला कधी दिला होता का. पोरं विचारतात, "सर, कुठली जीप?" मग तास संपेपर्यंत ही गोष्ट चालते आणि अभ्यासक्रम तसाच राहतो.

परवा लातूरला मोठ्या नाट्यगृहात कार्यक्रम झाला. तिकीट लावून. बाहेर 'हाउसफुल्ल'ची पाटी लागली तेव्हा काकांनी मला ती पुन्हा पुन्हा वाचायला लावली. मग बुवांनी वाचायला लावली. मग दोघी गायिकांनी. बासरीवाला म्हणाला, "सर, जरा स्प-स्पष्ट वाचा."

पडदा वर गेला. मी ठरल्याप्रमाणे उलटा चाललो, ठरल्याप्रमाणे पडलो. बुवांनी 'सर कुठं गेले' म्हणायच्या आतच नाट्यगृह कोसळलं होतं. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि बुवा माईक सोडून नुसते उभे होते, तोंड वर करून, दोन्ही हात पसरून. उन्हात उभं राहावं तसे.

त्या गडबडीत पहिल्या रांगेतून एक म्हातारी उठली आणि पायऱ्या चढून स्टेजवर आली. परत तेच? ती बुवांच्या समोरून सरळ पुढे गेली, त्यांच्याकडे वळूनही न बघता. माझ्यापाशी थांबली. माझी मूठ उघडली आणि त्यात दहाची नोट ठेवली.

"मावशी, हे कशाचं?"

"राहू दे लेकरा," ती म्हणाली. "कंबरेला तेल लाव. आन जरा बघून चालत जा."

बुवांनी माईकमधूनच विचारलं, "काय मिळालं, सर?"

"दहा रुपये, बुवा. दया आली तिला माझी."

"ठेवा, ठेवा," बुवा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला तो रुबाब मी जन्मात विसरणार नाही. "मला आता कुणी देत न्हाई."