मोरितासाहेबांची मिठाई

जपानहून परतले की मोरितासाहेब घरी जायच्या आधी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या त्यांच्या कंपनीच्या गोदामावर यायचे आणि बॅगेतून मिठाईचे खोके काढायचे. एक शेजारच्या कोरियन कंपनीला, एक मागच्या फिलिपिनो वर्कशॉपला, एक समोरच्या चिनी गोदामाला. वाटायला मी, त्यांचा ड्रायव्हर. नववीत शाळा सोडलेला, कराडकडचा.

"साहेब, चिन्यांशी तर तुमच्या देशाचं वाकडं आहे ना?"

"म्हणून तर त्यांचा खोका मोठा, सुनील-सान."

आमचं बोलणं मोडक्या हिंदीत नि त्याहून मोडक्या इंग्रजीत चालायचं. गाडीत ते बातम्या लावत. अमेरिकेनं जपानी मोटारींवर कर वाढवला, मग कमी केला, मग म्हणे संरक्षणाचे पैसे जास्त टाका. साहेब बाटलीतला थंड चहा शांतपणे संपवायचे.

"राग नाही येत?" मी एकदा विचारलं.

"मोठा दोस्त आहे. त्याचं सैन्य आमच्या घरात, आणि चीन रोज वाढतोय. त्याला सोडून चालणार नाही. पण उद्या सकाळी तो काय बोलेल, त्यालाच माहीत नसतं. म्हणून कोरियाशी जुनं भांडण बाजूला ठेवायचं, फिलिपिन्सला जहाजं द्यायची, तुमच्या दिल्लीला जायचं. चीनशीही बोलणं बंद नाही करायचं."

मला हे चटकन कळलं. मला साहेबांकडे कामाला लावलेल्या ज्या कंत्राटदाराच्या हातात माझा व्हिसा, तो असाच. सकाळी "हबीबी, तू माझा भाऊ", संध्याकाळी "खलास, घरी जा." गावी दोन मुली शिकत होत्या. शेवटी साहेबांना सांगितलं. वाटलं, ते लगेच कुणाला तरी फोन लावतील.

त्यांनी विचारलं, "कोरियन मॅनेजरचं नाव काय?"

मला ठाऊक नव्हतं. मी खोका काउंटरवर ठेवून पळून यायचो. आपण ड्रायव्हर, आत कशाला जायचं?

"इतके खोके दिलेस आणि नाव नाही विचारलंस? पुढच्या वेळी बस. चहा पी."

मग मी बसायला लागलो. कोरियन किमसाहेब माझ्या मुलींचे मार्क विचारू लागले. चिनी गोदामातला म्हातारा चहा ओतून ठेवायचा.

एके दिवशी कंत्राटदारानं खरंच खलास केलं. किमसाहेबांच्या कानावर गेलं. "मिठाईवाला सुनील? त्याला आधी माझ्याकडे पाठवा," ते म्हणाले. नवा व्हिसा त्यांच्या कंपनीचा लागला.

पुढे मोरितासाहेबांची टोकियोला बदली झाली. एअरपोर्टवर मी पाया पडायला वाकलो, तर तेही वाकले. दोघेही वाकलेले, आधी कोण उठणार? मागचा ट्रॉलीवाला घाई करत ओरडला, "यल्ला, यल्ला!" तेव्हा कुठे हसत उठलो.

परवा सुट्टीवरून येताना मी कंदी पेढे आणले. पहिला खोका घेऊन जुन्या कंत्राटदाराकडे गेलो.

"मी तुला काढलं आणि तू मला पेढे देतोस?"

"दुबईला तुम्हीच आणलं होतं ना मला."

त्यानं खोका उघडून एक पेढा तोंडात टाकला. मग खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "बस. चहा पिऊन जा."

मी बसलो.