ज्वालामुखीच्या बेटाजवळ माय

आमच्या जानेफळात कुणाची बादली विहिरीत पडली, की आधी गळ टाकून बघत. गळाला लागली नाही, की माझ्या मायला बोलावणं येई. माय जाई, लुगड्याचा काष्टा घट्ट मारी, पायऱ्या उतरून पाण्यात शिरे आणि बुडी घेई. काठावरच्या बाया श्वास रोखून उभ्या राहत. माय बादली घेऊनच वर येई. तिचं माहेर रोहिणखेडचं. तिथं लहानपणी म्हशी धुता धुता ती नदीच्या डोहात पोहायला शिकली होती. सून पोहते म्हणून सासरी सुरुवातीला बरीच कुजबुज झाली; पण पितळेची घागर तळाशी गेली, की कुजबुजणारीच मंडळी आमच्या दारात येऊन उभी राहत.

मला याचा तेव्हाच अभिमान वाटायला हवा होता. पण मी अमरावतीला कॉलेजात गेलो, प्राणिशास्त्र शिकलो, आणि महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा मला सरकारी नोकरी लागली ती थेट अंदमानात. समुद्रातले जीव गोळा करायचे, मोजायचे, बाटल्यांत भरून चिठ्ठ्या लावायच्या, असं सहायकाचं काम. आमचे साहेब पुण्याचे. विद्वान माणूस, मनानं चांगला; पण माझ्या तोंडून एखादं 'मले' निसटलं की ते हसू दाबत. मी बोलणं बदललं. दोन वर्षांत मी अगदी छापील पुस्तकासारखा बोलू लागलो.

तिसऱ्या वर्षी कपाशीची वेचणी आटोपल्यावर मायनं हट्ट धरला. "तू कुठी राह्यतं, काय खातं, मले पाहाचं हाय." वडील म्हणाले, "जाय तू. गुराढोरांचं मी पाह्यतो." मी रजा काढून तिला न्यायला आलो. मेहकरहून एसटीनं खामगाव, शेगावला कलकत्त्याची गाडी आणि पुढं चार दिवस जहाज. जहाजावर अर्धे लोक आडवे झाले होते. माय कठड्याला धरून खाली पाहत उभी. "बाबू, याले तळ असन ना रे?" एवढंच तिनं विचारलं.

पंधरा दिवसांनी आमची लाँच ज्वालामुखीच्या बेटाकडं निघायची होती. त्या बेटाच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'ओसाड' असा. ऐन वेळी लाँचवरचा स्वयंपाकी तापानं पडला. साहेबांनी मायला विचारलं, "बाई, चार दिवस सगळ्यांचं जेवण कराल का?" माय म्हणाली, "हाव, करतो ना." बाईमाणूस 'करतो' म्हणतं हे ऐकून साहेब माझ्याकडं बघून हसले. आमच्याकडच्या सगळ्या बाया तसंच बोलतात, हे सांगायचं सोडून मीही हसलो. ते हसणं मला अजून बोचतं.

सकाळी बेट दिसलं. पाण्यातून सरळ वर आलेला काळा डोंगर, माथ्याशी पांढऱ्या वाफेची एक रेघ. शंभराहून जास्त वर्षं तो शांत होता, पण आतून विझलेला नव्हता. काठाची वाळूसुद्धा काळी. मायनं एक दगड उचलला, तळहातावर फिरवून पाहिला. "हा तं आपल्या वावरातला गोटा हाय!" साहेब आता मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर बोलताहात. तुमचं वऱ्हाडसुद्धा असाच तापलेला रस थिजून झालंय. फार पूर्वी." मायनं डोंगराकडं असं पाहिलं, जसं लांबच्या नात्यातलं कुणी भेटावं.

आमच्याजवळ काचेचे दोन मुखवटे आणि श्वास घ्यायच्या दोन नळ्या होत्या. मुखवटा डोळ्यांवर चढवायचा, नळी दातात धरायची आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघत राहायचं. बघण्यासारख्या जागा तीन. एक, काळ्या वाळूचा उथळ खळगा. तिथं पाणी इतकं स्वच्छ, की आपलीच सावली तळावर चालताना दिसे. दुसरी, एका कोपऱ्यात खडकातून ऊन पाणी झिरपत होतं ती. तिसरी, पश्चिमेचा कडा. तिथं पोवळ्यांची रांग संपली, की जमीन एकदम नाहीशी होई आणि खाली नुसता निळा अंधार.

पहिले दोन दिवस साहेब आणि मी पाण्यात, माय लाँचवर. साहेब एक विशिष्ट गोष्ट शोधत होते. मोठे मासे एखाद्या ठरावीक खडकाशी येऊन थांबतात आणि बोटाएवढे लहान मासे त्यांच्या अंगावरची घाण, किडे खाऊन त्यांना साफ करतात, असं त्यांनी परदेशी नियतकालिकात वाचलं होतं. या पाण्यात तशी जागा कुणी नोंदवलेली नव्हती. आम्ही दोघांनी हातपाय मारून मारून सगळा किनारा पालथा घातला. काही मिळालं नाही.

तिसऱ्या दुपारी भांडी घासून झाल्यावर माय म्हणाली, "मले बी पाहू दे."

"माय, हे खेळणं नाही," मी म्हणालो. "आणि लोक काय म्हणतील?"

"कोन लोक? अथी तं मासेच हायेत."

साहेबांनी आपला मुखवटा काढून तिच्या हातात दिला. तिनं काष्टा मारला, शिडीवरून उतरली आणि पहिल्याच दमात तिला नळी जमली. मला ती जमायला आठवडा लागला होता. थोड्या वेळानं तिनं डोकं वर काढलं. चेहरा असा, की मी घाबरलो. "बाबू, विहिरीत डोये उघडले तं नुसतं हिरवं दिसे रे. अथी तं सारं सारं दिसते!" आणि परत पालथी झाली.

तासभर ती लाँचवर परतली नाही. हातपाय हलवत नव्हती, लाकडाच्या ओंडक्यासारखी नुसती तरंगत होती. मला दोनदा वाटलं, जाऊन बघावं. शेवटी लाँचवर आली ती धापा टाकत बोलतच. पोवळ्यांना ती फुलकोबी म्हणाली, तळाशी लोळणाऱ्या समुद्रकाकडीला गिलकं. निळे-हिरवे पोपटमासे चोचीनं पोवळं खात होते त्याचा आवाज तिनं ऐकला होता. "बकरी हरभऱ्याचे घाटे खाते ना, तसा कुरकुर." मग म्हणाली, "अन् तथी कड्यापाशी बाजार भरला हाय. हजामतीचा."

खलाशी खो खो हसले. मी खाली मान घालून म्हणालो, "माय, गप ना आता."

साहेबांचा चहाचा कप मात्र हातातच राहिला. "काय म्हणालात? पुन्हा सांगा."

"आमच्या बाजारात झाडाखाली हजामतीले मानसं बसतात ना सायेब, तसे मोठे मोठे मासे लाईन लावून थांबले हायेत. एक मंधात येते, तोंड वासून उभा राह्यते. निळे, काया पट्ट्याचे, हे एवढे बारके मासे त्याच्या गालात, कल्ल्यात जातात, टोचून टोचून साफ करतात अन् बाहीर येतात. मंग दुसऱ्याचा नंबर. कोनी कोनाले खात नाही."

साहेबांनी कप खाली ठेवला. "मला दाखवाल, आई?" 'बाई'ची 'आई' झाली ती त्या क्षणी.

दोघं पाण्यात उतरले. मागून दुसरा मुखवटा लावून मी. साहेब सवयीनं पाय मारू लागले तसा मायनं त्यांचा दंड धरला आणि थांबवलं. विहिरीत गाळ ढवळला तर बादली दिसत नाही. स्थिर राहायचं हे तिच्या अंगातच होतं. आम्ही तिघं थिजल्यासारखे तरंगत राहिलो. हळूहळू खाली एक भलामोठा करडा मासा सरकत आला, जबडा उघडून थांबला, आणि त्याच्या दातांमधून ते निळे ठिपके आत-बाहेर करू लागले. मागं आणखी तीन मासे वाट पाहत होते. आम्ही दोन दिवसांत तीनदा या जागेवरून गेलो होतो.

त्या संध्याकाळी साहेबांनी वहीत नोंद केली, आणि पुढं छापील अहवालातही ती तशीच ठेवली: ही जागा प्रथम सहायकाच्या आईनं पाहिली, व्यवसाय शेती. मी ते वाचून दाखवल्यावर माय म्हणाली, "शेती लिवलं ते बरं केलं."

वैशाखात मी तिला पोचवायला गावी आलो. शाळेच्या हेडमास्तरांनी मला बोलावलं. सुटीचे दिवस होते, तरी मुलं जमली होती, गावातली मोठी माणसंही. मी टेबलाशी उभा राहून सागरी जीवसृष्टीवर बोललो, शुद्ध मराठीत. दहा मिनिटांत मागच्या रांगा चुळबुळू लागल्या. पुढच्या एकानं तर उघड जांभई दिली. माय व्हरांड्यात बायांच्या घोळक्यात उभी होती. माझं वाक्य अर्धवट राहिलं. मी मास्तरांना म्हणालो, "सर, मी हे सगळं ऐकलेलं, शिकलेलं सांगतोय. ते आधी बघितलंय माझ्या मायनं. तिला बोलवा."

"मी काय सांगू बाप्पा?" म्हणत माय आत आली, टेबलाच्या पलीकडं न जाता मुलांच्याच पुढ्यात जमिनीवर बसली. पहिलं वाक्य बोलली, "पोट्टेहो, तुमाले वाटते मासा मुका असते. नसते." मग पोपटमाशाची कुरकुर, ऊन पाण्याचा कोपरा, हजामतीचा बाजार. मुलं हसून हसून एकमेकांवर पडत होती. एका मुलीनं विचारलं, "काकू, तुमाले भेव नाही लागलं?"

"लागलं ना. त्या कड्यापाशी खाली काहीच नोहोतं. पन मी म्हनलं, पाणी तं पाणीच हाय, त्यानं मले आजपर्यंत वरतंच धरलं."

मी खिडकीजवळ उभा होतो. शेजारी वडील. त्यांना कधी कुणाचं कौतुक करताना मी पाहिलं नव्हतं. ते टोपी हातात घेऊन मायकडं बघत होते. "लय चांगलं बोलून राह्यली," ते पुटपुटले. "हाव," मी म्हणालो. "लय चांगलं." कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून आपलं बोलणं आलं होतं, आणि ते मी गिळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रश्न विचारणारी मुलगी आणखी चौघींना घेऊन आमच्या दारात. त्यांना पोहायला शिकायचं होतं. दोघींचे बाप मागोमाग आले, एक रागावून, एक नुसताच गोंधळून. माय त्यांच्याशी ओट्यावर बराच वेळ बोलली. काय बोलली ते मला कळलं नाही, पण जाताना रागावलेला बाप म्हणत होता, "पन कमरेले दोर बांधजा, वहिनी."

चार दिवसांनी माझी रजा संपली. मेहकरला जाणाऱ्या एसटीची वेळ झाली तेव्हा वडील पेटी घेऊन स्टँडवर आले. माय आली नाही. पाच पोरी पाण्यात होत्या, तिला विहिरीवरून हलता येत नव्हतं.