मागच्या वायपरचा फ्यूज

मस्कतमध्ये नोव्हेंबर उजाडला की शुक्रवारी आम्ही घरात सापडत नाही. आमचा चार घरांचा गट आहे. सीबच्या पुढे एके ठिकाणी गाडी थेट वाळूपर्यंत नेता येते. तिथे गाड्यांच्या पाठी समुद्राकडे करायच्या, डिक्या उघडायच्या आणि वर उचललेल्या दारांच्या सावलीत दिवस काढायचा, असा आमचा शिरस्ता आहे. सामानाचं खातं माझ्याकडे. कोणी काय आणायचं ते मी बुधवारी ग्रुपवर टाकते. वाचत कोणी नाही, पण मीठ राहिलं की सगळे माझ्याकडेच बघतात.

मासे मात्र भाईंचे. भाई रुसैलमधल्या एका गोदामाचे फोरमन, माझ्या नवऱ्याचे कामावरचे सोबती, मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. इथे कंपनीच्या निवासात चौघांच्या खोलीत राहतात. जुम्म्याची नमाज झाली की पिकअप घेऊन येतात. मागे शेगडी, कोळसा आणि बर्फातली सुरमई.

गेल्या हिवाळ्यात एकदा त्यांनी बुधवारीच फोन करून कळवलं, की या खेपेला जमणार नाही. गावच्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धेची फायनल होती. हल्ली तिकडे प्रत्येक गावच्या स्पर्धेचं थेट प्रक्षेपण असतं. मैदानाबाहेर मचाणावर कॅमेरा, शेजारी माईक घेतलेला एक माणूस, आणि इकडे आखातभर पसरलेले गाववाले फोनला डोळे लावून. पण त्या वर्षी भाईंचा मुलगा गावाच्या संघातून गोलंदाजी करणार होता. त्याची ही पहिली फायनल. अर्बाबने, म्हणजे मालकाने, रजा दिली नव्हती. दोन वर्षं झाली होती भाईंना गावी जाऊन.

"मग समुद्रावर बघा ना," मी म्हटलं. "फोन तर बरोबर असणारच."

"फोनवर माणूस मुंगीएवढा दिसतो वहिनी. बाजूच्या खोलीत टीव्ही हाय, तिथं बसेन."

"मुलाशी रोज व्हिडिओवर बोलता की."

"बोलतो ना. पण तेव्हा तो माझ्यासाठी बसलेला असतो. भांग पाडून. अब्बा, सगळं बरं हाय, जेवलो, कॉलेज चालू हाय. मी समोर नसताना तो कसा असतो, ते एकदा बघायचं हाय."

मी म्हटलं, "पडदा मी आणते. तुम्ही सुरमई आणा."

फोन ठेवला आणि मग विचार सुरू केला. गाडीच्या सिगारेट लायटरच्या भोकातून आजवर मी फोन सोडून काही चालवलं नव्हतं. त्या भोकात नक्की किती वीज असते, हे मला ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं गाडी चालवतेय आणि हे साधं ठाऊक नाही, याचं नवल वाटलं. त्या संध्याकाळी मी घरातली प्रत्येक वस्तू उलटी करून तिच्या पोटावरचं लेबल वाचलं. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावरचा मॉनिटर पस्तीस वॅट. छोटा स्पीकर दहा. इस्त्री बावीसशे! चहाची इलेक्ट्रिक किटली जवळजवळ तेवढीच. एवढासा चहा करणारी किटली साठेक मॉनिटरांइतकी वीज खाते, हे वाचून मी ती दोनदा उलटी करून पाहिली. गाडीचं पुस्तक काढलं, तर लायटरच्या भोकाला एकशेवीस वॅटची मर्यादा लिहिलेली.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर हमरियाच्या बाजारात गेले. मोबाइलची कव्हरं आणि पंख्यांची पाती एकाच भिंतीवर टांगणारी जी दुकानं आहेत, त्यातल्या एकात इन्व्हर्टर मिळाला. एका बाजूने लायटरमध्ये खुपसायचा, दुसऱ्या बाजूला घरातल्यासारखं सॉकेट. खोक्यावर ठळक आकडा, तीनशे वॅट.

"लेकिन गाडी तो एक सौ बीस बोलती है," मी दुकानदाराला विचारलं.

"मॅडम, सब चलेगा. बस फ्रिज मत लगाना."

त्याने समाधान झालं नाही. खोकं तीनशे म्हणतं, गाडी एकशेवीस म्हणते, तर ऐकायचं कोणाचं? घरी येऊन शोधलं. उत्तर सोपं निघालं. गाडीच्या त्या वाटेवर एक फ्यूज असतो. खोकं कितीही मागो, फ्यूज त्याच्या आकड्यापलीकडे वीज जाऊ देत नाही, स्वतः जळतो आणि वाट बंद करतो. म्हणजे ऐकायचं गाडीचं. मी लगेच ग्रुपवर टाकलं, की डिकीत फक्त मॉनिटर, स्पीकर आणि फोन लागेल, बाकी कोणी काही लावू नये. तिघांनी अंगठे पाठवले. त्यामुळे मला वाटलं, सगळ्यांनी वाचलं.

शुक्रवारी तीनच्या सुमाराला सगळं जुळलं. मॉनिटर डिकीत, वर काळी चादर ओढून अंधार केलेला, भाईंच्या फोनपासून मॉनिटरपर्यंत वायर. गाडी चालू ठेवली होती, कारण आमच्या गाडीत इंजिन बंद केलं की लायटरही बंद होतो. चित्र आलं तेव्हा टाळ्या पडल्या. लाल मातीचं मैदान, पलीकडे माड, कडेला खुर्च्यांवर बसलेली माणसं. भाई शेगडी सोडून आले आणि चादरीखाली डोकं घालून उभे राहिले.

"तो बघा. निळी टोपी. थर्डमॅनला."

आम्हाला सगळे सारखेच दिसत होते.

शेवटचा डाव होता, समोरच्या संघाची फलंदाजी चालू होती. भाई दर चेंडूनंतर शेगडीशी जाऊन मासा पलटत आणि धावत परत येत. मग गाडीच्या पुढच्या दाराकडून घुर्रर्र असा आवाज आला, आणि पडदा काळा झाला.

वळून बघते तर आमच्या खालच्या मजल्यावरची मैत्रीण मिक्सर धरून उभी. इन्व्हर्टरला दोन सॉकेट होती, त्यातल्या रिकाम्या सॉकेटात तिने तो लावला होता. दुसऱ्या सुरमईसाठी हिरवं वाटण करत होती.

"अगं, काय केलंस हे!"

"दोन मिनिटंच लावला गं. घरून वाटून आणलं की कोथिंबीर काळी पडते."

"पाचशे वॅटचा आहे तो!"

"पण दोन मिनिटं म्हणजे कितीसे वॅट होतात?"

"वॅट मिनिटांवर नसतात. लावला त्या क्षणी पाचशेच."

"असं होय," ती मनापासून म्हणाली. "मला वाटायचं, साठत जातात."

माझा नवरा मिक्सरमध्ये डोकावला. "वाटण मात्र झालंय," म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

भाईंचा फोन चालू होता. त्यांनी तो छातीशी धरला, शर्टाच्या सावलीत. उन्हात पडद्यावर नुसती चकाकी. माईकवाल्याचा आवाज तेवढा स्वच्छ येत होता, आणि नेमकं त्याच वेळी त्याने भाईंच्या मुलाचं नाव घेतलं. कर्णधाराने चेंडू त्याच्या हातात दिला होता.

"आला," भाई म्हणाले. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चादरीत घुसून पाहिला. "कुठला आपला तेच कळत नाय."

मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगखाली गुडघे टेकले. फ्यूजच्या पेटीचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. लायटरचा फ्यूज निळा, पंधरा अँपिअरचा. आतच प्लास्टिकचा छोटा चिमटा खोचलेला होता, त्याने ओढून काढला. उजेडात धरला तर पारदर्शक अंगातली बारीकशी पट्टी मधोमध वितळून तुटलेली. पहिल्यांदाच पाहत होते, त्यामुळे क्षणभर बघतच राहिले.

"वहिनी, पहिल्याच बॉलवर सिक्स गेला," भाई बाहेरून म्हणाले.

जादा फ्यूज आणलेला नव्हता. नकाशावर निळे, पंधराचे अजून कुठे आहेत ते शोधायला लागले. हॉर्न नको, परतताना लागेल. ब्रेकच्या दिव्यांना हात लावायचा नाही. मग सापडला.

"अरे, मागचा वायपर आपण शेवटचा कधी लावला होता?" मी नवऱ्याला विचारलं.

तो विचारात पडला. "मागे वायपर आहे?"

तो फ्यूज उपटला, लायटरच्या जागी दाबला आणि इंजिन चालू केलं. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागला. मैत्रिणीने तोवर मिक्सरची वायर गुंडाळून मिक्सर स्वतःच्या गाडीत नेऊन ठेवला होता आणि सॉकेटसमोर पहारा दिल्यासारखी उभी होती.

चित्र परत आलं तोवर षटक संपलं होतं. दोन सिक्स गेले होते, एक बळी मिळाला होता. भाईंनी सगळं फक्त ऐकलं होतं. माझी मुलगी पुढे झाली. "काका, मागे नेता येतं. रिवाइंड करू? त्याची पूर्ण ओव्हर दिसेल."

"नाय बेटा. जे झालं ते रात्री बघेन. आता तो काय करतोय, ते बघू दे."

तो काहीच करत नव्हता. निळी टोपी सीमारेषेवर, पडद्याच्या अगदी कोपऱ्यात. कॅमेरा फलंदाजावर होता, हा नुसता कडेला आलेला. भाई मात्र त्या कोपऱ्यातच बघत होते. बाहेरून एका पोराने बाटली फेकली, ती त्याने झेलली. पाणी प्यायला. टोपी काढून केसांवर ओतलं. मागे वळून कुणाशी तरी काही बोलला आणि हसला. चेंडू दुसऱ्या बाजूला गेला तसा तो चार पावलं पुढे आला, परत जागेवर गेला.

भाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. ते आणखी पुढे वाकले.

"पाय जपून टाकतोय," ते म्हणाले.

"दमला असेल," माझा नवरा म्हणाला.

"नाय. बघा, वळताना बघा."

आम्ही बघितलं. मला काही दिसलं नाही. पुढच्या चेंडूला तो धावला, तेव्हाही मला तो इतरांसारखाच धावताना दिसला. भाई पुढचा सगळा सामना तिथेच उभे राहिले. गावाचा संघ जिंकायला आला, माईकवाला ओरडायला लागला, आमच्यातली मंडळीही ओरडायला लागली. भाईंनी धावा विचारल्या नाहीत. सामना संपला, गुलाल उडाला, पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. निळी टोपी त्या ढिगाऱ्यात शिरली नाही. कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती.

थोड्या वेळाने भाईंचा फोन वाजला. पडद्याला वायर जोडलेलीच होती, त्यामुळे मुलाचा चेहरा एकदम डिकीभर पसरला. गालाला गुलाल, दात दिसतायत, मागे ढोल.

"अब्बा! बघितलंत का? जिंकलो!"

"बघितलं. शाबास. कुठला पाय हाय?"

मुलगा हसतच राहिला. "कसला पाय?"

"दुखतोय तो."

मागचा ढोल वाजत होता. मुलाने इकडे तिकडे बघितलं, मग फोन घेऊन गर्दीतून बाजूला आला. तोंडावरचं हसू गेलं, आणि तो एकदम लहान दिसायला लागला.

"उजवा," तो म्हणाला. "गुडघा. पावसाळ्यापासून. तुम्हाला उगाच घोर नको म्हणून..."

मी पुढे होऊन पडद्याची वायर काढली. चेहरा भाईंच्या हातातल्या फोनवर गेला, आवाजही. ते बोलत बोलत पाण्याच्या कडेने चालायला लागले. मैत्रिणीने शेगडीवर टाकलेली दुसरी सुरमई एका बाजूने करपत होती. मी चिमटा घेतला आणि ती पलटली.