शनिवारचा खडू

“नावं सांगा बघू.”

हे वाक्य म्हणण्याआधी आमच्या शाळेतले मास्तर डोळ्यांवरचा चष्मा काढीत आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेत. पुसायला त्यांना फार वेळ लागे. समोरच्याने एवढंच म्हटलेलं असे की, “मास्तर, काही म्हणा, तुमचे लोक जरा हट्टीच.”

“कोणकोण? नावं सांगा बघू.”

समोरचा चाचरत असे. कारण म्हसळ्यात मास्तरांच्या धर्माचं घर एकच होतं आणि ते मास्तरांचं.

“आता तुमचंच तेवढं माहीत आहे,” असं कोणी हसून म्हटलं, की मास्तर चष्मा चढवीत. “मग मी हट्टी आहे असं म्हणा. माझी हरकत नाही.”

मास्तर बेने इस्राएल होते. तुम्ही आपल्या किनाऱ्यावरचे असाल तर अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंत त्यांची तुरळक घरं तुम्हाला ठाऊक असतील. आपल्यासारखंच मराठी बोलणारी आणि आपल्यासारखंच गावावरून आडनाव लावणारी माणसं. त्यांचे वाडवडील तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बैल सोडून ठेवीत, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. मास्तरांच्या वडिलांनी डोक्यावर तेलाचं भांडं घेऊन दारोदार तेल विकलं होतं. मास्तर मात्र शिकले आणि शिक्षक झाले.

मी त्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो तो तीस सालाच्या आसपास. भातशेती करणाऱ्या कुणब्याच्या घरातला मी, नुकता मॅट्रिक झालेला. राहायला जागा नव्हती, तेव्हा मास्तरांनी आपल्या घराची पडवी दिली. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, त्यांच्या घरी काही नवस फिटला की भिजवलेले पोहे, ओलं खोबरं आणि साखर कालवून मलिदा करीत. त्यातला पहिला वाटा मला मिळे. “खा रे, पोरा. तुमच्या घरी काही ह्याला मलिदा म्हणत नसतील, पण लागतो सारखाच.”

शाळा कमिटीचे चेअरमन गावचे खोत होते. माणूस मनाने मुळीच वाईट नव्हता. एकदा ते चहाच्या दुकानात सर्वांदेखत म्हणाले, “मास्तर, तुमचे लोक फार सचोटीचे हो!”

मास्तर खूश होतील असं सगळ्यांना वाटलं. पण चष्मा निघाला.

“नावं सांगा बघू.”

“अहो, मी स्तुती करतोय तुमची!”

“तेच म्हणतो मी. आज माझ्यावरून सगळ्यांना सचोटीचे ठरवलंत. उद्या आमच्यातला कोणी घसरला, की त्याच्यावरून मला काय ठरवाल?”

खोतांनी कपाळावर हात मारला. “ह्या माणसाला चांगलं म्हणायचीसुद्धा सोय नाही!”

मास्तर स्वतः या बाबतीत फार पाळणारे होते असं नाही. एकदा जेवताना ते उसळून म्हणाले, “श्रीवर्धनची माणसं सगळी आतल्या गाठीची!”

मी हळूच म्हटलं, “मास्तर, नावं सांगा बघू.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग घास तोंडात ठेवून म्हणाले, “माझी सासुरवाडी आहे रे ती. सगळी नावं पाठ आहेत.” आतून काकूंनी भांडं आपटलं.

शनिवारी सकाळची शाळा असे. त्या दिवशी मास्तर वर्गावर येत, पण खडू हातात धरीत नसत. फळा कोरा राही. त्यांच्या धर्मात शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विसावा पाळतात, त्याला ते शब्बाथ म्हणत. त्या वेळात विस्तव पेटवायचा नाही, लिहायचं नाही. मग मास्तर मुलांना डोळे मिटायला लावीत आणि बाणकोटापासून मुंबईपर्यंत तोंडी किनाऱ्याने नेत. कुठे खाडी लागली, कुठे बंदर आलं, कुठे वारा फिरला, सगळं बोलून दाखवीत. पोरं शनिवारची वाट बघत.

“मास्तर, मग शनिवारी शाळेत आलेलं तरी चालतं का?” मी एकदा विचारलं.

“चालत नाही. पोट आहे म्हणून येतो. बोलणं हे काही काम नव्हे, एवढी सवलत मी मागून घेतली आहे. देवाने अजून हो की नाही काही कळवलेलं नाही.”

मग आमचे हेडमास्तर निवृत्त व्हायचे झाले. मागे सर्वांत जुने हे मास्तरच. त्यांना ती जागा हवी होती, आणि फार हवी होती. तोंडाने ते बोलले नाहीत, काकू बोलल्या. “सासऱ्यांनी डोक्यावर तेल वाहून ह्यांना शिकवलं. मुलगा हेडमास्तर झाला, एवढं एकदा गावी जाऊन सांगायचंय ह्यांना.”

कमिटीची बैठक झाली आणि शाळेच्या शिपायाने तिथलं बोलणं आणून मास्तरांच्या पुढ्यात टाकलं. “खोत म्हनले, मानूस झकास हाय. पन हे लोक शनवारी कामाला हात लावत न्हाईत. हेडमास्तरानं हप्त्यात येक दिस हात बांधून बसायचं, हे कसं जमायचं? आता शनवारी येनार हायत बघायला.”

मी चष्म्याकडे पाहिलं. तो निघाला नाही. या वेळी त्यांनी नावं विचारली नाहीत. विचारणार तरी काय? ज्या एका माणसाबद्दल ते खरं होतं, तो माणूस म्हणजे मास्तरच.

शनिवारी खोत आले आणि मास्तरांच्या वर्गात खुर्चीवर बसले. माझा वर्ग शेजारीच, मध्ये नुसता कमरेएवढा कुडाचा आडोसा. मला सगळं दिसत होतं. मुलं डोळे मिटून दिघीच्या धक्क्यावर पोचली होती. खोत थोडा वेळ ऐकत राहिले. मग थट्टेने म्हणाले, “काय रे पोरांनो, आज फळा उपाशी?”

एक पोर डोळे न उघडताच म्हणालं, “आज शनवार नाय का!”

खोत हसले. “बघा मास्तर, तुमचे लोक म्हणजे...”

वाक्य पुरं व्हायच्या आत मास्तरांनी खडू उचलला.

त्यांनी दिघी लिहिलं, आगरदांडा लिहिलं, मुरुड लिहिलं. मग नकाशा काढला. नकाशा झाला तेव्हा शेजारी गणित मांडलं, त्याखाली दुसरं. एरवी त्यांचं अक्षर बघत राहावं असं. त्या दिवशी ते फळ्यावरून घसरत होतं. कडेपर्यंत फळा भरला तरी हात थांबेना. पोरं डोळे उघडून फळ्याकडे बघत होती. आपल्या मास्तरांना काय झालं आहे हे त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी झालं आहे हे कळत होतं.

“वा!” खोत उठले. “लोक उगाच काहीबाही बोलतात. काम झालं तुमचं, मास्तर.”

रविवारी मास्तर पडवीत माझ्याजवळ येऊन बसले.

“खोत खोटं बोलले असते तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. “खोट्याला तोंड देता येतं. त्यांनी माझी खरी गोष्ट उचलली आणि दोष म्हणून माझ्यापुढे धरली. मला ती लपवावीशी वाटली रे. माझ्या बापाने शनिवारी बैलसुद्धा जुंपला नाही.”

तोवर मला वाटायचं, सगळ्यांबद्दल मोघम बोललेलं एकट्याने एवढं मनाला का लावून घ्यावं? तुम्हालाही वाटलं असेल. त्या दिवशी जरा उमगलं. ‘लोक’ म्हणणाऱ्याला ते लांबचे असतात. ऐकणाऱ्याला त्यात आपला बाप दिसतो. मग तो बापाच्या बाजूने भांडतो, नाहीतर घाबरून बापाला आत ढकलून दार लावतो.

सोमवारी ते मला बरोबर घेऊन खोतांच्या ओटीवर गेले.

“शनिवारी मी खडू धरत नाही. परवा धरला, तो तुम्हाला खोटं पाडायला.”

“अहो, झालं ते झालं. आता गप्प राहा ना,” खोत अजिजीने म्हणाले. “कमिटीला मी काय सांगू?”

“आमच्या लोकांचं मला विचारू नका. शनिवारी मुंबईत गिरणीत जाणारे आहेत, कचेरीत बसणारे आहेत. मी धरत नाही. एवढं ठाऊक असून मला नेमायचं तर नेमा.”

कमिटीने बाहेरून हेडमास्तर आणला. मास्तरांपेक्षा वयाने पुष्कळ लहान. मास्तरांनी त्याच्या हाताखाली पेन्शनीपर्यंत काम केलं आणि कधी कुरकुर केली नाही. काकू मात्र एकदा चुलीकडे बघत म्हणाल्या, “बरोबरच केलं ह्यांनी. पण गावी सांगायचं राहिलं.”

नोकरी सोडून मी पुढे शिकावं म्हणून माझ्या मागे लागले तेही मास्तरच. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी मुंबईहून निघालो तो आधी माझ्या घरी गेलोच नाही. मास्तर पेन्शन घेऊन रेवदंड्याजवळ आपल्या गावी राहायला आले होते, तिथे गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

मी पाया पडलो. “मास्तर, बी.ए. झालो. आमच्या वाडीतला, आमच्या कुणब्यांतला पहिला.”

“कुणब्यांचं राहू दे,” ते माझा हात घट्ट धरून म्हणाले. “तू झालास ना? बस इथे. आज शनिवार, मला काही काम नाही.”

आम्ही बसून राहिलो. ते काही विचारीत, मी सांगे. माडांच्या शेंड्यांवरचं ऊन गेलं, समुद्राकडून वारा सुटला, घरात अंधार साचू लागला. काकू दाराच्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या.

“दिसल्या का हो चांदण्या?”

मास्तरांनी मान वर केली आणि डोळे बारीक केले. मग माझ्याकडे वळले.

“काय रे?”

“दिसतात, मास्तर. त्या विहिरीवरच्या माडाच्या डाव्या अंगाला.”

“ह्याला दिसतात म्हणतो,” मास्तर दाराकडे तोंड करून म्हणाले. “लाव गं दिवा.”