उपोषण कुणाच्या हातून सोडायचं

आमचे आबा भ्रष्टाचाराविरुद्ध उपोषणाला बसलेत, हे मला कुपवाडच्या एका एसटीडी बूथवर कळलं. नव्वदनंतरची वर्षं होती ती. फोन ना माहेरी होता, ना सासरी. मी पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. समोरच्या बूथवाल्यानं हाक मारली म्हणून मी हात पुसत धावले, तर पलीकडून आई. फोनवर आई नेहमी ओरडायची, साताऱ्याहून सांगलीपर्यंत आवाज आपल्यालाच पोचवायचा आहे असं समजून. "आबा मांडवात जाऊन बसल्यात," ती म्हणाली. "गोळ्या घरीच इसरल्यात. तू ये." आणि तिनं फोन ठेवून दिला.

आबांना साखरेचा आजार होता. जास्त वेळ उपाशी राहू नका, असं डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर बजावलं होतं. अशा माणसाला उपोषणाला बसवायची कल्पना ज्याच्या कुणाच्या डोक्यातून निघाली, त्याची मी कराड येईपर्यंत मनातल्या मनात खरडपट्टी काढली. कराडला गाडी बदलली आणि मग आबांची काढली.

भांडण होतं पाण्याचं. आमच्या गावात नळयोजना आली, टाकी झाली, वरच्या आळीत बागायतदारांच्या दारोदार नळ आले. आमची बौद्धवस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला. पाइप शाळेपर्यंत आला आणि तिथंच संपला. सरकारदरबारी मात्र तो वस्तीपर्यंत कधीच पोचला होता. ठेकेदाराचं बिल निघालं होतं, साहेब लोक येऊन पाहणीही करून गेले होते. कसली पाहणी केली ते त्यांनाच ठाऊक. विहारासमोर एक नळकोंडाळं तेवढं बांधून ठेवलं होतं. त्याला तोटी होती, मागं पाइप नव्हता, आणि वस्तीतली पोरं त्यावर बसून चिंचा खात.

आई ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायची. एका पावसाळ्यात ती भरल्या घागरीसकट घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं ते वाकडंच जुळलं. त्या हातानं तिला नीट भाकरी थापता येईना, पण पाणी आणणं काही सुटलं नाही. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घागर डोक्यावर घेणं त्यांच्या पिढीतल्या पुरुषाला जमणारं नव्हतं, याचाही मला राग आहे, पण तो पुन्हा कधीतरी. आईच्या मनगटाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त पट्टी सुटली त्या आठवड्यापासून साताऱ्याला समितीच्या बैठकांना जायला लागले.

समिती म्हणजे भ्रष्टाचाराविरुद्ध उभी राहिलेली नागरिकांची समिती. त्यात बरेचसे माजी सैनिक, एक वकील, दोन-तीन ऊसवाले आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक. माणसं सगळी हाताची स्वच्छ. लबाड असती तर मला राग धरणं सोपं गेलं असतं. पण यांचा निम्मा वेळ एकमेकांचा मान राखण्यात जायचा. बैठक सुरू झाली की आधी स्वागत, मग प्रास्ताविक, मग नारळ. पाहुणा कुणी नसेल तर आपसातच कुणाला तरी शाल. मांडवावरच्या फलकात कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून रंगाऱ्याकडे दोनदा फलक परत गेला होता. मग ठरलं की नावंच नकोत, आणि त्यावरही काहीजण रुसले.

उपोषणाला कोण बसणार, हा प्रश्न आला तेव्हा एकाला रक्तदाब निघाला, एकाच्या घरी लग्न निघालं, वकिलांची कोर्टात तारीख निघाली. आबा पलटणीतले, शिस्तीचे, शिवाय प्रश्न त्यांच्याच वस्तीचा. झालं, टाळ्या वाजल्या. साखरेचं सांगितलं का नाही, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "त्यांनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

मी पोचले तो उपोषणाचा दुसरा दिवस होता. सरकारी कचेरीच्या फाटकासमोर मांडव, मांडवात गादी, गादीवर लोडाला टेकून आबा. डोक्याला फेटा. उपाशी माणसाला फेटा कशाला बांधायचा, हे मला आजही कळलेलं नाही. बाजूला लाउडस्पीकर आणि त्यावर एकामागून एक भाषण. आई मागं, कनातीला टेकून सतरंजीच्या टोकावर बसलेली. तिच्या मांडीवर गोळ्यांची पिशवी होती. गोळ्या तिनं आणल्या होत्या, पण पोटात अन्न नसताना त्या द्यायच्या का नाही, हे सांगायला मांडवात कुणी नव्हतं. मी डॉक्टरांकडे पळाले. डॉक्टर म्हणाले, गोळी देऊ नका आणि माणसाला लवकर उठवा.

मी आबांना म्हटलं, "आबा, उठा. डॉक्टर सांगत्यात."

"बसलोय त्यो उठायला बसलो न्हाई," ते म्हणाले. "पाइप आला की उठंन."

तिसऱ्या दिवशी सकाळी चक्क पाइप आला. म्हणजे कागदावर आला, पण यावेळचा कागद खरा होता. वरून चक्रं फिरली असावीत. अभियंता साहेब स्वतः मांडवात आले, उरलेलं काम महिन्याभरात पुरं करतो आणि आधीच्या कामाची चौकशी लावतो, असं लेखी आश्वासन त्यांनी माइकवर वाचून दाखवलं. लोकांनी घोषणा दिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि चपला शोधायला लागले.

"हे काय आबा, कुठं निघालात?" अध्यक्ष म्हणाले.

"घरला. काम झालं न्हवं?"

"झालं ना. पण उपोषण सोडायला नको का?"

आबा म्हणाले, "सोडलं की." अध्यक्ष हसले. उपोषण असं सोडत नाहीत, त्यांनी समजावलं, ते सोडवावं लागतं. कुणीतरी मोठ्या माणसाच्या हातून मोसंबीचा रस घ्यायचा, फोटो काढायचा, दोन शब्द बोलायचे. त्याशिवाय लोकांना कळणार कसं, की आपण जिंकलो? मग मोठा माणूस कोण यावर चर्चा सुरू झाली. एक जुने स्वातंत्र्यसैनिक होते, ते अंथरुणाला खिळलेले. एक प्राचार्य होते, ते शिरवळला कुठल्याशा समारंभाला गेलेले. अभियंता साहेबांच्या हातून घ्यावा असं एकजण म्हणाला, तर दुसरा म्हणाला, ज्यांच्याविरुद्ध बसलो त्यांच्या हातून कसा घ्यायचा. हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं बोलणं होतं. शेवटी तालुक्यातल्या एका बड्या पुढाऱ्यांना निरोप गेला. ते दुपारी येतो म्हणाले.

रस मात्र सकाळीच आला होता. स्टीलच्या पेल्यात, वर ताटली झाकलेली. माश्या बसतील म्हणून कुणीतरी तो आईच्या हातात दिला, "मावशी, जरा सांभाळा" म्हणून. आई तो पेला वाकड्या मनगटानं धरून, दुसरा हात ताटलीवर ठेवून बसली. आबा तिच्यापासून चार हातांवर.

दुपार झाली. पुढारी आले नाहीत, निरोप आला की संध्याकाळी येतील. वार्ताहर एकदा येऊन परत गेले. मी अध्यक्षांसमोर उभी राहिले. म्हटलं, "काम झालंय, रस आलाय, माणूस उपाशी आहे. आता कशासाठी थांबलाय?"

"ताई, तुमची काळजी समजते. पण चळवळीला एक शिस्त असते."

"त्यांना साखर आहे."

ते खरोखर हबकले. पण हबकूनही त्यांनी केलं काय, तर पुढाऱ्यांकडे आणखी एक माणूस पिटाळला, जरा लवकर या म्हणून. पेला उचलून आबांच्या तोंडाला लावावा, हे त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही. मीच आईकडे वळले आणि पेला मागितला. आईनं दिलाही असता. पण आबांच्या कपाळावर घाम होता आणि तरी ते मान हलवत होते.

"ऱ्हाऊ दे पोरी," ते म्हणाले. "एवढं थांबलोय. समिती म्हणल तसं. रिलीफ आल्याबिगर डूटी सोडत न्हाईत."

त्या क्षणी मला समितीपेक्षा त्यांचाच जास्त संताप आला. आईनं पेल्यावरच्या माश्या हाकलल्या आणि ती इतकंच म्हणाली, "आवं, रस तापला."

उन्हं कलल्यावर गाड्या आल्या. पुढारी उतरले, अध्यक्षांनी त्यांना शाल घातली, नारळ दिला. त्यांच्या पाठोपाठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हार घेऊन उतरला तो आमचा ठेकेदार. शाळेपाशी पाइप संपवणारा. तो या पुढाऱ्यांचाच माणूस, हे साताऱ्यात शेंबड्या पोराला माहीत होतं. समितीलाही माहीत होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, पण कार्यक्रम थांबला नाही. आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं, आमच्याकडे ते कुणाला जमत नाही.

कुणीतरी आईच्या हातातून पेला घेतला. तो अध्यक्षांकडे गेला, अध्यक्षांकडून पुढाऱ्यांकडे, आणि पुढाऱ्यांनी तो आबांच्या ओठांशी नेला. आबांची नजर त्या पेल्याच्या वाटेनं मागं जाऊन आईवर थांबलेली मी पाहिली. मग त्यांनी तोंड उघडलं. एक घोट झाला, फोटोवाल्यानं बटण दाबलं आणि पुढाऱ्यांनी पेला बाजूच्या माणसाकडे देऊन माइक हातात घेतला. आबांसारखी माणसं आहेत म्हणून लोकशाही जिवंत आहे, असं काहीतरी ते बराच वेळ बोलत होते. पेला सापडेना. मी शेवटी रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून चहा-पाव आणला आणि कनातीमागं आबांना भरवला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पुढारी, अध्यक्ष, ठेकेदार स्वच्छ दिसत होते. आबांच्या चेहऱ्यावर पेला आला होता.

पाइप आला, खरंच आला. उरलेलं काम त्याच ठेकेदाराला मिळालं, आणि चौकशीचं पुढं काय झालं ते विचारायला समितीनं आणखी एक बैठक घेतली. पण नळाला पाणी आलं. चाचणीच्या दिवशी तोटी फुरफुरली, तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ आलं. पोरं भिजली. आणि मग ठेकेदाराच्या माणसानं तोटी बंद करून तिच्याभोवती लाल फीत गुंडाळली, कारण उद्घाटन व्हायचं होतं. पुढाऱ्यांची तारीख मिळायची होती.

एक तारीख मिळाली, ती पुढं गेली. दुसरी मिळाली, तीही गेली. अध्यक्षांचा निरोप आला, आबा, तुमच्या वस्तीतलं कुणी फीत सोडू नये याकडे लक्ष द्या, आपल्या चळवळीचं यश आहे ते. आबांनी घरातली खुर्ची विहारापुढं नेली आणि नळकोंडाळ्याशेजारी बसले. मी सुट्टीला गेले तेव्हा हे दृश्य पाहिलं. पाइपात पाणी, तोटीला फीत, पहाऱ्याला आबा, आणि समोरून ओढ्यातून वर येणारी आई, डोक्यावर घागर.

आई नळापाशी थांबली. आणलेली घागर तिनं डाव्या हातानं खाली उतरवली आणि उजवा हात चोळला. मग फितीचं टोक शोधायला लागली.

"अगं," आबा म्हणाले, "रविवारच्याला येणार हायती. चार दिसांचा सवाल हाय."

"व्हय का," आई म्हणाली.

गाठ घट्ट होती, तिच्या मनगटाला सुटेना. मी पुढं होणार होते, पण तिनं फीत दातात धरली आणि तोडली. तोटी सोडली. पाणी जोरात आलं. तिनं आधी हात धुतले, मग तोंड धुतलं, मग पदराआडून आपला नेहमीचा पितळी पेला काढला, भरला आणि आबांपुढं धरला. पेला जरासा कलंडलेला होता, तिचा हातच तसा होता.

आबांनी शाळेच्या वाटेकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं. मग त्यांनी खुर्चीत सरळ होऊन दोन्ही हातांनी पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"आणि दे," ते म्हणाले.