अण्णांचा ल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या शैलाताईंना तर नाहीच. मग तुम्हाला का? कदाचित तुम्ही समोर नाही म्हणून. समोर माणसं असली की माझी जीभ कशी वळते, ते मला आता चांगलं ठाऊक आहे.

ऐकायला गोष्ट एवढीशी आहे. एका अक्षराची. पण मला तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागणार आहे, तेवढा धीर धरा.

मी गिरगावात राहतो आणि ई-पुस्तकं तयार करतो. मजकूर घ्यायचा, त्याची फाइल बांधायची, ती हरतऱ्हेच्या फोनवर नीट उघडते का बघायचं, हे माझं काम. शैलाताई माझ्या बायकोच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. वाढल्या लालबागच्या चाळीत. त्यांचे वडील, अण्णा, गिरणीत होते, आणि चाळीच्या दारातला फळा तेच लिहायचे. पाणी कधी येणार, मंडळाची सभा कधी, कोण गेलं, कधी उचलणार — सगळं खडूनं, अण्णांच्या अक्षरात. चाळीतली कितीतरी पोरं म्हणे शाळेत जायच्या आधी त्या फळ्यावरच वाचायला शिकली.

चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं, तेव्हा रहिवाशांनी आपापल्या आठवणी लिहून काढल्या. माणसं बदलापूरला, विरारला पांगणार, कुणाची मुलं दुबईत — छापलेलं पुस्तक कुठं कुठं पोचवणार? म्हणून ई-पुस्तक. आणि शैलाताईंनी मनाशी ठरवलं, की ते अण्णांच्या अक्षरात दिसलं पाहिजे. फळ्याचे जुने फोटो, घरातल्या डब्यांवर अण्णांनी लिहिलेली ‘हळद’, ‘मसाला’ — त्यावरून त्यांनी एकेक अक्षर काढलं. त्या वयात कॉम्प्युटर शिकल्या आणि त्याचा फॉन्ट केला. नाव ठेवलं ‘फळा’.

आता थोडं कामातलं सांगतो, त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही. फॉन्ट पुस्तकात घातला की झालं, असं नसतं. फोन आपलाच फॉन्ट पुढं करतो, त्याची समजूत घालावी लागते. त्यात आपला मराठी ल दोन पाकळ्यांचा, आणि हिंदीतला उजवीकडे उभ्या दांडीचा. श चंही तसंच काहीसं. शैलाताईंनी दोन्ही काढले होते. उद्या कुणाला या फॉन्टमध्ये हिंदी पुस्तक करावंसं वाटलं तर अडायला नको. त्यांतला कुठला दाखवायचा, ते पुस्तकाच्या भाषेवर ठरतं. भाषा फाइलमध्ये एका जागी लिहिलेली असते. तिथं मराठी लिहायचं, बस.

ताईंनी मला बजावलंही होतं. “विनय, भाषा मराठी टाक हं. नाहीतर आमचे अण्णा हिंदीत बोलायला लागतील.”

मी हसलो होतो.

आणि केलं काय? नवी फाइल पहिल्यापासून बांधायचा कंटाळा. नुकतंच एक हिंदी पाककृतींचं पुस्तक केलं होतं, त्याचीच फाइल उचलली. आतले पराठे-हलवे काढले, चाळ भरली. भाषा हिंदीच राहिली. तपासताना खडूसारखी जाड रेघ दिसली, फॉन्ट आला म्हणून खूश झालो. ल कडं पाहिलंच नाही. आपण मुंबईकर — दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही ल रोज बघतो, डोळा अडखळत नाही.

चाळकऱ्यांचे डोळे अडखळले.

प्रकाशन परळच्या एका हॉलमध्ये होतं. सगळी चाळ आलेली. सगळ्यांनी एकदम आपापल्या फोनवर पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर, ठळक — लालबाग. दोन ल. दोन्ही दांडीचे. मागच्या रांगेतून एक मावशी ओरडल्या, “ह्यो अण्णांचो ल नाय गो!” लगेच कुणीतरी जोडलं, “अण्णांनी हिंदीची शिकवणी कधी लावलेली रे?” हॉल हसला. वाईट मनानं नव्हे, चाळीतलंच हसणं ते. पण शैलाताई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “फॉन्टमध्येच दोष आहे. हौसेनं केलेल्या फॉन्टचं असं होतं. मी पुस्तक साध्या फॉन्टमध्ये करून देतो.”

हौसेनं. हा शब्द मी वापरला.

घरी येऊन फाइल उघडली तेव्हा चूक कळली — असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. इथंही तेच लिहिणार होतो, लिहून खोडलं. खरं असं, की मावशी ओरडल्या त्याच क्षणी मला ती पाककृतींची फाइल आठवली होती. मी उभा राहायच्या आधी. म्हणजे फाइलमध्ये झाली ती चूक, आणि हॉलमध्ये मी बोललो ते खोटं. का? सगळे मला ‘सर’ म्हणत होते, एवढंच. एवढ्याशासाठी माणूस असं करतो?

मी केलं.

“माझंच काहीतरी राहिलं असेल,” ताई म्हणाल्या. फॉन्ट त्या शाळेतल्या मुलांना देणार होत्या, तो दिला नाही. पुन्हा अक्षरांचा विषयही काढला नाही. माझ्याशी मात्र होत्या तशाच. दिवाळीला चकल्यांचा डबा पाठवायच्या. मी तो घ्यायचो. खायचोही.

आता टॉवर उभा राहिलाय. चाळीतली माणसं परत आली, आणि पुस्तकात नव्या घरांची भर घालून नवी आवृत्ती काढायचं ठरलं. काम पुन्हा माझ्याकडंच. त्यासाठी मध्यंतरी ताईंकडं गेलो. खाली लिफ्टशेजारी, गुळगुळीत ग्रॅनाइटच्या भिंतीवर, एक फळा लटकवलेला. ‘लिफ्टचे काम चालू आहे. गुडघेवाल्यांनी दुपारी खाली उतरू नये.’ खडूनं लिहिलेलं. आणि ल — पाकळ्यांचा, अण्णांचा. मी तिथंच उभा राहिलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, ताईंचा हात मी थांबवला. तो थांबला नव्हता.

“सेक्रेटरी म्हणतो व्हॉट्सॲपवर टाका,” मी वर गेल्यावर ताई म्हणाल्या. “म्हटलं, तू टाक की. फळा राहणार.” मग चहा ओतता ओतता, माझ्याकडं न बघता, “पुस्तक मात्र फोनच्याच फॉन्टमध्ये ठेव हां. परत हसायला नकोत.”

मी तो चहा प्यायलो आणि निघालो.

घरी येऊन जुनी फाइल काढली. हिंदी खोडून मराठी केलं. एक शब्द! फोनवर उघडलं. लालबाग — दोन्ही ल ना पाकळ्या फुटलेल्या. बायकोच्या फोनवर बघितलं, शेजाऱ्यांच्या टॅबवर बघितलं. श सुद्धा आपलाच. एका जुनाट फोनवर तेवढी दांडी हटत नाही. तो फोन भाषा विचारतच नाही, फॉन्टमध्ये जो ल पहिला असेल तोच दाखवतो. मराठी ल पहिला ठेवायचा तर फॉन्ट उघडावा लागेल, आणि तो ताईंनाच उघडावा लागेल. त्यांना पुन्हा त्या अक्षरांशी बसावं लागेल. हे लक्षात आलं तेव्हा मला काय झालं म्हणून सांगू? आनंद झाला.

रविवारी नव्या इमारतीच्या हॉलमध्ये सगळे जमणार आहेत. त्या मावशीही येतील. मी शनिवारी ताईंकडं जाणार आहे. त्यांनी हे चारचौघांत पहिल्यांदा ऐकावं, असं व्हायला नको. पुस्तकात ‘फळा’ ठेवायचा की नाही ते त्या ठरवतील. त्या नको म्हणाल्या तरी मी रविवारी उभा राहीन.

दोन साधी वाक्यं माझ्याकडून बोलायची राहिली आहेत, आधी त्यांना आणि मग त्याच माणसांसमोर: शैलाताईंच्या अक्षरात दोष नव्हता. चूक माझी होती, आणि ती मला तिथं उभं असतानाच माहीत होती.